पहाऱ्यांच्या यादीतल्या रिकाम्या ओळी

तक्त्यात मध्येच रिकामी ओळ सोडू नये, हे मी आजवर इतक्या लोकांना सांगितलं आहे की ते कपाळावर गोंदून घेतलं असतं तर निदान घसा तरी वाचला असता. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. घर म्हणजे कुडाळपासून अर्ध्या तासावरचं माझं सासर, पडवीच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर लॅपटॉप, आणि रेंज खिडकीतूनच येते म्हणून खिडकी कायम उघडी. दिवसभर लोकांनी पाठवलेल्या एक्सेलच्या शीट साफ करायच्या, हे माझं काम. लोक काय काय पाठवतात ते विचारू नका. कुणी गावाच्या खान्यात जन्मतारीख लिहितं, कुणी नवरा-बायकोला एकाच खान्यात कोंबतं. पण या सगळ्यात मला सर्वांत जास्त चीड येते ती शोभेसाठी सोडलेल्या रिकाम्या ओळींची. मोकळं मोकळं बरं दिसतं म्हणे. अहो, तक्ता आहे की रांगोळी?

अशा माझ्या गळ्यात दोन वर्षांपूर्वी गावच्या सप्ताहाची यादी पडली.

दिवाळी झाली की आमच्या देवळात सात दिवसांचा भजनी सप्ताह बसतो. सात दिवस नि सात रात्री हरिनाम थांबू द्यायचं नाही आणि देवापुढची समई विझू द्यायची नाही. त्यासाठी दर दोन तासांचा एक पहारा असतो, आणि प्रत्येक पहारा गावातल्या एकेका घराकडे असतो. ज्या घराचा पहारा, त्या घरातलं निदान एक माणूस ते दोन तास समईपाशी बसतं, टाळ धरतं, नाम घेतं. गाणारे-वाजवणारे येऊन-जाऊन असतात, पण पहारेकऱ्यानं उठायचं नाही. सात दिवसांचे चौऱ्याऐंशी पहारे. मोठ्या घरांकडे दोन-दोन, बाकीच्यांकडे एकेक, आणि कुठलं घर कुठल्या दिवशी किती वाजता हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. मुंबईला असलेली माणसं या दोन तासांसाठी रजा काढून येतात. पहारा असणं म्हणजे या गावचं असणं, असा सरळ हिशेब आहे.

ही सगळी वाटणी एका जुन्या वहीत होती आणि वही आमच्या चुलत सासऱ्यांच्या ताब्यात. ते निवृत्त तलाठी आणि देवस्थान कमिटीचे चिटणीस. आयुष्यभर सातबारा लिहिल्यामुळे त्यांचा कागदावर जेवढा विश्वास आहे तेवढा माणसांवर नाही. त्या पावसाळ्यात वहीला वाळवी लागली. काकांनी ती धोतराच्या फडक्यात गुंडाळून माझ्या टेबलावर आणून ठेवली, जशी काही मी डॉक्टर आहे.

"तुझ्या त्या यंत्रात ह्यां सगळां घाल गो," ते म्हणाले, "आणि माका छापून दी."

मला वाटलं, एका दुपारचं काम. आणि होतंही एका दुपारचंच. घर, वाडी, पहाऱ्याला बसणारं माणूस, मोबाइल नंबर, दिवस, वेळ, असे सहा खाने केले. मोबाइलचा खाना माझ्या डोक्यातला. पहाऱ्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला आपोआप निरोप जाईल अशी सोय करून मला भाव खायचा होता. ओळीखाली ओळ, नीटनेटकी यादी छापून दुसऱ्या दिवशी काकांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा पुसला. कागद लांब धरला, जवळ धरला.

"ओळी खंय आसत?"

"ह्यो काय, ओळीच आसत सगळ्यो."

"मोकळ्यो ओळी गो! ही यादी गुदमारता."

मी वही उघडून बघितली. खरंच, वहीत प्रत्येक घराखाली एक ओळ कोरी होती. काकांच्या वडिलांनी तशी सोडलेली. कारण घर वाढतं. भाऊ वेगळे होतात, दुसरी चूल पेटते, आणि मग ती चूल त्या कोऱ्या ओळीत लिहायची. कितीतरी घरांखाली ती ओळ वेगवेगळ्या शाईत भरलेली होती. वहीत हे अगदी बरोबर आहे, वहीत मध्ये जागा करता येत नाही. पण काँप्युटरवर मध्ये कधीही ओळ घालता येते, एका टिचकीसरशी, हे मी काकांना चार प्रकारे समजावलं. त्यांनी चारही वेळा मान डोलावली आणि चारही वेळा म्हणाले, "तां ठीक आसा. पण ओळ सोड."

मी प्रत्येक ओळीची उंची वाढवून दिली. लांबून बघितलं तर दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. त्यांनी पेन काढून कागदावर टेकवलं. "हेच्यात लिवतलंय खंय? रेघ खंय आसा?" मी रेघा आखून दिल्या. तर म्हणाले, रेघ आहे पण तिला खाने नाहीत. माझं डोकं फिरायला लागलं. मी म्हटलं, काकानू, अशा रिकाम्या ओळी घातल्या तर यंत्राला यादी एक आहे हे कळत नाही, त्याला वाटतं पहिल्या घराशी यादी संपली. यावर त्यांनी थेट माझं माहेर काढलं.

"तू देवगडची मा? आंब्याच्या पेटयेत तुझो बापूस गवत कित्याक घालता?"

"आंब्याक आंबो लागाक नये म्हणान."

"मगे?"

आंब्यांना क्रमवारी लावायची नसते, असं मी म्हणणार होते. पण चुलत सासऱ्यांशी किती बोलायचं यालाही मर्यादा असते. घरात नवऱ्याकडे तक्रार केली, तर तो जेवता जेवता म्हणाला, "घाल गो ओळी. तुझां काय जाता?" माझं काय जातं! ज्या चुकीसाठी मी पुण्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांना झापते, ती मी स्वतःच्या हातानं करायची, आणि याला वाटतं माझं काही जात नाही.

त्याच आठवड्यात वरच्या वाडीतली काकी आली. काकी आमच्या नात्यातली नाही, पण गावात सगळेच तिला काकी म्हणतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, घरात ती एकटी. पडवीच्या पायरीवर बसली, वालीच्या शेंगांची पुडी माझ्याकडे सरकवली, आणि लॅपटॉपकडे न बघता विचारलं, "माझ्या घराचा नाव घातलंस मा?"

ती का विचारत होती ते मला माहीत होतं. आदल्या वर्षीच्या गावबैठकीत खालच्या वाडीतल्या एका घराच्या दोन चुली झाल्या होत्या आणि दुसऱ्या चुलीला स्वतःचा पहारा हवा होता. चौऱ्याऐंशीतला एकही मोकळा नव्हता. तेव्हा त्याच घरातल्या थोरल्यानं सगळ्यांदेखत म्हटलं, काकीच्या माघारी तिच्या पहाऱ्याला बसणारं कोण आहे, मग आताच का देऊन टाकू नये? बरीच वादावादी होऊन शेवटी ठरलं की काकी बसते तोवर पहारा तिचा. ज्या वर्षी त्या पहाऱ्याला तिच्या घरचं कुणी बसलं नाही, त्या वर्षी तो खालच्या वाडीला. काकी तिथेच खांबाला टेकून बसली होती. तिला कुणी विचारलं नाही.

तिचा पहारा तिसऱ्या दिवशी दुपारी दोन ते चार. सगळ्यात वाईट वेळ, जेवून गाव आडवं झालेलं असतं, देवळात गाणारा एक असला तरी नशीब. नवरा गेल्यापासून दर वर्षी ती एकटीच तिथे बसत आली होती.

"घातलंय," मी म्हटलं, "ह्या बघ, तिसरो दिवस, दोन ते चार."

तिला वाचता येत नाही. तरी तिनं पडद्यावर बोट टेकवलं. "माझ्या माघारी कोणाकय दिया," ती म्हणाली. "पण जवसर मी आसंय तवसर माझो पहारो माझो."

मी तिचा मोबाइल नंबर विचारला. ती हसायलाच लागली. "माका कोण फोन करतलो?" शेजाऱ्यांचा घालू का म्हटलं, तर नको म्हणाली, कुणाला कशाला त्रास. ज्यांची घरं बंद आहेत त्यांनीसुद्धा मुंबईच्या पोरांचे नंबर दिले होते. सगळ्या यादीत तेवढा एकच खाना रिकामा राहिला.

पुढे आठ दिवस मी रिकाम्या ओळी घालत होते. आधी एकेक करून घातल्या, म्हणजे ओळीवर उजवी टिचकी, ओळ घाला, पुढची ओळ, उजवी टिचकी. अर्ध्यावर आले तर कळलं की वर कुठेतरी दोन घातल्या गेल्यात. मग मला आमच्या धंद्यातली युक्ती आठवली. कडेला एक जादा खाना करायचा, त्यात सगळ्या घरांना एक-दोन-तीन असे आकडे द्यायचे, तेच आकडे यादीच्या खाली रिकाम्या जागेत पुन्हा एकदा चिकटवायचे, आणि त्या आकड्यांप्रमाणे क्रम लावायचा. एक आणि एक शेजारी येतात, दोन आणि दोन शेजारी येतात, आणि प्रत्येक घराखाली आपसूक कोरी ओळ येऊन बसते. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. काकांना छापून दिलं. ते खूश झाले. आणि खूश झाल्यामुळे म्हणाले, आता अशीच आणखी एक यादी वाडीप्रमाणे काढून दे.

वाडीप्रमाणे क्रम लावला, तर सगळ्या रिकाम्या ओळी तळाला जाऊन बसल्या आणि वर नावं पुन्हा खांद्याला खांदा लावून उभी. मी त्या दुरुस्त करायच्या आत काका मागे येऊन उभे राहिले होते.

"ओळी खंय गेल्यो?"

"खाली गेल्यो."

"कोणी नेल्यो?"

मी युक्ती पुन्हा केली. मग वाडीची यादी झाली तर दिवसाची बिघडली. मग निरोप पाठवायची सोय करायला घेतली, तर ती पहिल्या घराला निरोप तयार करून थांबली, कारण खालची ओळ कोरी. मी सांगितलं होतं! अगदी हेच सांगितलं होतं! पण हे मी कुणाला ऐकवणार, गोठ्यातल्या म्हशींना? काका रोज सकाळी एक दुरुस्ती घेऊन यायचे. अमक्याच्या ऐवजी त्याचा धाकटा बसणार, तमक्याच्या नावापुढे श्री. लाव. प्रत्येक दुरुस्तीनंतर माझ्या यादीत एखादी ओळ जादा व्हायची किंवा कमी व्हायची, आणि काका ती बोटानं मोजून दाखवायचे. कंपनीचं काम मागे पडत चाललं होतं. पुण्याहून विचारणा झाली तेव्हा सप्ताहाच्या यादीत अडकले आहे असं सांगायची मला लाज वाटली, मी नेटवर्कचं कारण सांगितलं.

शेवटचा दिवस शनिवारचा. कुडाळचा छापखानेवाला एक वाजता दुकान बंद करणार होता. साडेअकराला काकांचा फोन आला की दोन पानांच्या मध्ये एका ठिकाणी तीन कोऱ्या ओळी एकापाठोपाठ आल्या आहेत आणि हे शोभत नाही. शोभत नाही! माझं पित्त खवळलं. मी ठरवलं, आता एकही रिकामी ओळ ठेवायची नाही. सगळ्या झाडून काढायच्या, यादी स्वच्छ करायची, आणि मग युक्तीनं एकदाच, शेवटच्या नव्यानं घालायच्या. सगळा तक्ता डोक्यापासून पायापर्यंत निवडला, यंत्राला म्हटलं रिकामे खाने शोध, आणि जिथे जिथे रिकामा खाना आहे ती ओळच्या ओळ काढून टाक. एका क्षणात सगळं साफ. इतकं बरं वाटलं मला, की काय सांगू. आठ दिवसांत पहिल्यांदा ती यादी माझ्या मनासारखी दिसत होती. मग दात-ओठ खात पुन्हा आकडे घातले, कोऱ्या ओळी घातल्या, बाराला दहा कमी असताना छापखान्याला पाठवली आणि चहा ठेवला.

यादी देवळाच्या भिंतीवर लागली. काकांनी ती चार पावलं मागे जाऊन बघितली. "आता कसां!" ते म्हणाले. "आता माणसां ओळखूक येतत." खरं म्हणजे घराइतक्याच कोऱ्या ओळी, निम्मी यादी नुसती मोकळी जागा. पण मी हरले होते आणि मला झोप हवी होती.

सप्ताह बसला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी जेवून पुन्हा टेबलापाशी बसले होते. देवळाच्या कर्ण्याचा आवाज आमच्या खिडकीतून येतो. तीन दिवस तो कानात इतका भिनलेला असतो की ऐकू येईनासा होतो. आणि मग एकदम मला काहीतरी ऐकू यायला लागलं, म्हणजे सुपारीच्या झावळ्यांचा आवाज, कुणाच्या तरी घरी भांडी पडल्याचा आवाज. मला वाटलं वीज गेली. वर बघितलं तर पंखा फिरत होता.

तेवढ्यात काकांचा फोन. "देवळात कोण नाय गो!" ते धापा टाकत होते. "समई आसा, बारा ते दोनवालो येळ झाली म्हणान उठान गेलो. बारा ते दोनच्या खाली चार ते सा. मदलो पहारो खंय आसा? तुझ्या यंत्रात बघ, मी बसतंय हंय." फोन तसाच खाली ठेवून त्यांनी नाम सुरू केलं. कर्ण्यातून त्यांचा बेसूर आवाज आला.

मी शीट उघडली. तिसरा दिवस. बारा ते दोन. कोरी ओळ. चार ते सहा. कोरी ओळ. दोन ते चार कुठेच नव्हता. मी वर गेले, खाली गेले. जुनी प्रत काढून शेजारी लावली. तिच्यात होता. घर, वाडी, काकीचं नाव, मोबाइल कोरा, तिसरा दिवस, दोन ते चार.

मोबाइल कोरा. मी रिकामे खाने शोधायला सांगितले होते आणि यंत्रानं शोधले होते. नुसता नावाचा खाना निवडायचा सोडून मी सगळा तक्ता निवडला होता. ही चूक नवशिक्यांनी करू नये म्हणून आमच्या कंपनीत मीच त्यांना पहिल्या दिवशी धडा देते. तोंडात मारल्यासारखं झालं. आणि नंतर मीच इतक्या कोऱ्या ओळी पेरल्या होत्या की एक घर गेलेलं त्यांत कुणाच्या डोळ्याला खुपलंच नाही. काकांच्यासुद्धा नाही.

स्कूटर काढली आणि वरच्या वाडीकडे निघाले. वाटेत मला स्वतःपेक्षाही गावाचा राग यायला लागला. यादी पाच दिवस भिंतीवर होती. वरच्या वाडीतल्या कुणीतरी ती वाचली असेलच. मग एकही माणूस काकांना येऊन विचारत नाही, की काकीचं नाव का नाही? घाटीच्या चढणीशी स्कूटर लावून पुढे चालत गेले तेव्हा मला उत्तर समजत होतं, आणि ते आवडत नव्हतं. कुणाला नवलच वाटलं नव्हतं. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की कमिटीनं काढलं असेल.

काकी पडवीत बसली होती. धुतलेलं लुगडं नेसून, केसांना तेल लावून, मांडीवर फडक्यात बांधलेले टाळ. मला बघून उठली नाही.

"काकी, तू देवळात नाय इलंस?"

"यादयेत नाव नाय," ती म्हणाली. "शेजारच्या सुनेकडसून तीनदा वाचून घेतलंय. तिसऱ्या खेपेक ती कंटाळली."

"मगे माका येवन विचारूचा नाय? काकांक विचारूचा नाय?"

"काय विचारू? गावान नाव काढल्यान, तर कित्याक काढल्यात म्हणान विचारू?"

"आणि मगे ही तयारी?"

तिनं टाळांवरचं फडकं सारखं केलं. "आज माझो पहारो. नाव नाय म्हणान दिवस थोडोच बदलता? न्हावन बसलंय. पण थंय कशी जातलंय? मी जावन बसलंय, आणि कोणी उठ म्हटल्यान तर?"

मी तिच्यासमोर पायरीवर बसले आणि सांगायला लागले. नंबर नव्हता, खाना कोरा होता, मी रिकाम्या ओळी काढत होते, घाईत होते, रागात होते. तिला यातलं किती कळत होतं कोण जाणे. मध्येच तिनं मला थांबवलं.

"म्हणजे तू काढलंस?"

"होय. चुकान. माझी चूक."

"गावान काढूक नाय?"

"नाय गो काकी. गावाक म्हायतीच नाय. काका थंय एकटे बसलेत बोंब मारीत."

मला वाटलं आता ही रडणार, किंवा मला शिव्या घालणार, आणि दोन्ही मी मुकाट्यानं सोसलं असतं. पण तिचा चेहरा हळूहळू असा काही सुटत गेला की मला मान वर ठेवता येईना.

"मगे ह्यां आदी सांगूक काय झालां तुका?" ती खेकसली, आणि उठली. "तास फुकट घालवलंस माझो! चल!"

घाटी उतरताना ती माझ्या पुढे होती. स्कूटरवर मागे बसायला आयुष्यात पहिल्यांदाच तयार झाली, आणि सबंध वाटेत एका हातानं माझा खांदा नि दुसऱ्यानं टाळ धरून मला भरभर चालव म्हणून टोचत राहिली.

देवळात पोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते. काका समईपाशी मांडी ठोकून बसले होते, घसा पार बसलेला, तरी थांबले नव्हते. काकीला बघून ते सरकले. ती त्यांच्या जागी बसली, समईत तेल घातलं, वात पुढे केली आणि टाळ वाजवायला लागली. मी काकांना बाहेर सभामंडपात नेऊन सगळं सांगितलं. मला वाटलं आता रिकाम्या ओळींवरून माझ्यावरच उलटेल, किंवा मी तरी त्यांच्यावर उलटेन. त्यांनी फक्त भिंतीवरच्या यादीकडे जाऊन तिसरा दिवस बघितला. मग, सरकारी काम असलं की ते बोलतात तशा स्वच्छ मराठीत म्हणाले, "पहारा चुकलेला नाही. काकी येईपर्यंत त्यांच्या वतीने मी बसलो होतो. तशी नोंद होईल." आणि यादीवर बारा ते दोनच्या खाली, कोऱ्या ओळीत, त्यांनी पेनानं काकीचं नाव लिहिलं.

आत काकीनं हे ऐकलं असावं. टाळ न थांबवता तिनं मान वळवली. "माझ्या वतीन कोणी नको," ती म्हणाली. "माझे दोन तास माझे मी बसतलंय." आणि पुन्हा नाम सुरू केलं. गाणारं दुसरं कुणीच नव्हतं, म्हणून मी तिच्या मागे बसून टाळ्या वाजवत राहिले. मला गाता येत नाही. त्या दुपारी त्याची लाज वाटायला जागाच उरली नव्हती.

चार वाजता पुढचा पहारेकरी आला. चार ते सहा खालच्या वाडीचा पहारा, म्हणजे ज्या घराच्या दोन चुली झाल्या होत्या त्या घराचा, आणि बसायला आला होता तो बैठकीत बोललेला थोरला. पाय धुवून, खांद्यावर उपरणं टाकून, टाळ घेऊन तो समईपाशी येऊन उभा राहिला. काकीनं वर बघितलं नाही. त्यानं घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं. काका खांबाला टेकून बसले होते.

शेवटी तो खाकरला. "काकी, चार वाजले."

"तुझे चार वाजले आसतीत," टाळ चालूच ठेवून काकी म्हणाली. "माझे पावणेपाचाक वाजतले. बस थंय."

तो बसला.